पाखाडीपासून बॉनपर्यंत : हवामानविषयक निर्णयांत दिव्यांगांचा सहभाग कसा घडवावा

समुद्रात वादळ उठले की कोकणच्या किनाऱ्यावर त्याची खबर सहसा दोन वाटांनी येते. बंदरावर धोक्याचा बावटा चढतो आणि गावातून ध्वनिक्षेपक बांधलेली गाडी फिरते. बावटा अंध माणसाला दिसत नाही आणि ध्वनिक्षेपक कर्णबधिर माणसाला ऐकू येत नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ संपूर्ण किनारा झोडपत गुजरातेकडे गेले. ‘निसर्ग’नंतर तर कित्येक गावांत अनेक आठवडे वीज आली नव्हती. विहिरीवरचा पंप, बॅटरीवर चालणारी चाकाची खुर्ची, श्वासासाठी लागणारे यंत्र, थंड जागी ठेवावे लागणारे औषध यांवर ज्यांचा दिवस चालतो, त्यांच्यासाठी ते वादळ एका दुपारीपुरते नव्हते.

सूचना कोणत्या रूपात द्यायची, निवारा केंद्र कुठे आणि कसे बांधायचे, नुकसानभरपाईत काय धरायचे, नव्या बसगाड्या कशा विकत घ्यायच्या, हे निर्णय काही ग्रामपंचायतीत, काही जिल्ह्याच्या ठिकाणी, काही दिल्लीत आणि काही दरवर्षी भरणाऱ्या जागतिक हवामान परिषदेत होतात. या प्रत्येक ठिकाणी दिव्यांग व्यक्ती स्वतः उपस्थित असली पाहिजे, तिच्या वतीने बोलणारा कोणी भला माणूस तेवढ्याने पुरत नाही, अशी माझी धारणा आहे. हा लेख या कामात नव्याने पडणाऱ्या दिव्यांग व्यक्तींसाठी, त्यांच्या घरच्यांसाठी आणि गावातल्या कार्यकर्त्यांसाठी आहे. क्रम मी मुद्दाम खालून वर ठेवला आहे, कारण जागतिक मंचावर बोलायला वेळ मिळतो दोन मिनिटांचा, आणि त्या दोन मिनिटांत सांगण्यासारखे जे असते ते गावात, तारखेनिशी, कागदावर आधी तयार व्हावे लागते.

आधी आपल्या हक्काचा कागद हाती घ्या

संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारला गेला आणि भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्याला अनुसमर्थन दिले, म्हणजे तो आपल्यावर बंधनकारक मानला. त्यातली दोन कलमे आपल्या कामाची आहेत. कलम ४ च्या तिसऱ्या परिच्छेदानुसार दिव्यांगांशी संबंधित कायदे आणि धोरणे ठरवताना सरकारने त्यांच्या प्रातिनिधिक संघटनांशी जवळून सल्लामसलत केली पाहिजे. कलम ११ नुसार नैसर्गिक आपत्तींसह सर्व धोक्याच्या प्रसंगी त्यांच्या संरक्षणाची आणि सुरक्षिततेची तजवीज सरकारवर बंधनकारक आहे.

हवामानाच्या बाजूने पाहिले, तर २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रास्ताविकात दिव्यांग व्यक्तींचा स्पष्ट उल्लेख आहे : हवामान बदलावर कृती करताना देशांनी मानवी हक्कांविषयीची आपली बंधने, त्यांत दिव्यांगांच्या हक्कांविषयीचीही, पाळावीत आणि विचारात घ्यावीत, असे तेथे म्हटले आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये जपानमधील सेंदाई येथे स्वीकारलेल्या आपत्ती धोके कमी करण्याच्या आराखड्यातही दिव्यांगांना मदतीचे धनी न मानता नियोजनातले भागीदार मानले आहे.

तरीही रोजच्या वापराला सर्वांत धारदार हत्यार आपल्याच देशातले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याचे कलम ८ प्रत्येकाने मूळ शब्दांत वाचावे. त्यात राष्ट्रीय आणि राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणांनी आपल्या कामात दिव्यांगांचा समावेश करावा असे सांगितले आहे. जिल्हा प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांग व्यक्तींच्या तपशिलांची नोंद ठेवावी आणि धोक्याची माहिती त्यांना पोचेल अशी योग्य व्यवस्था करावी, असा आदेशही त्यातच आहे. आपत्तीनंतरची पुनर्बांधणी दिव्यांगांसाठीच्या राज्य आयुक्तांशी सल्लामसलत करून आणि सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांना सहज ये-जा आणि वापर करता येण्याच्या, अटी पाळून झाली पाहिजे, हेही तेच कलम सांगते. राष्ट्रीय प्राधिकरणाने २०१९ मध्ये याच विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. कार्यालयात जाताना कलम ८ ची छापील प्रत सोबत न्यावी. ती टेबलावर ठेवल्यावर बोलण्याचा सूर बदलतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

गावाची नोंद स्वतः तयार करा

सगळ्या कामाचा पाया हा आहे, म्हणून येथे थोडे थांबतो.

२०११ च्या जनगणनेत भारतात २.६८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के, दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, आणि त्यांपैकी महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मात्र जगात १.३ अब्ज, म्हणजे सुमारे १६ टक्के लोक लक्षणीय दिव्यांगत्वासह जगतात. प्रश्न कसा विचारला आणि कोणाला मोजले यावर हा फरक बराच अवलंबून आहे. म्हातारपणी कमी दिसू लागलेली आजी, अर्धांगवायूनंतर काठी घेऊन चालणारे काका, घराबाहेर न पडणारा मानसिक आजाराचा मुलगा यांची नावे बहुधा कोणत्याच यादीत येत नाहीत. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. दिव्यांगत्वाचे वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) ज्यांच्याकडे आहे त्यांचीच नावे घेऊन यादी केली, तर ती अर्धवट राहील.

नावांची यादी एवढीच नोंद उपयोगाची नाही. प्रत्येक घरी बसून चार गोष्टी विचाराव्यात. पहिली, या व्यक्तीला धोक्याची सूचना कशी कळेल : आवाजाने, अक्षराने, चित्राने, खुणांनी, की शेजाऱ्याने दार ठोठावल्याने? दुसरी, घरातून रस्त्यापर्यंत ती कशी येईल? कोकणात हा प्रश्न फार मोठा आहे. आपल्या वाड्या डोंगराच्या उतरणीवर आणि खाडीच्या काठाला आहेत, आणि घर व रस्ता यांच्यामध्ये जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट, म्हणजे पाखाडी, असते. पावसाळ्यात ती शेवाळाने निसरडी होते, वहाळ भरला की साकवावरून, म्हणजे छोट्या पुलावरून, जाता येत नाही, आणि उधाणाच्या दिवसांत खाडीकाठची पायवाट पाण्याखाली जाते. तिसरी, निवाऱ्याच्या जागी तिला काय लागेल : उताराची वाट, बसता येईल असे शौचालय, गोंधळापासून दूर शांत कोपरा, औषध, यंत्रासाठी वीज? चौथी, वादळ किंवा पूर ओसरल्यावर तिच्या जगण्याला काय लागेल? जाळी विणणाऱ्या, मासे सुकवणाऱ्या, घरीच शिवणकाम करणाऱ्या दिव्यांग व्यक्तीचे उत्पन्न बुडते, परंतु ते कोणाच्या पंचनाम्यात दिसत नाही.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. सुटकेच्या योजनांमध्ये गृहीत धरलेले असते की धडधाकट तरुण धावत येतील आणि माणसाला उचलून नेतील. आपल्या कित्येक वाड्यांत ते तरुण मुंबईत असतात, आणि घरात राहतात ते वृद्ध आईवडील. म्हणजे उचलणाराही सत्तरीचा आणि उचलायचा तोही सत्तरीचा. शिवाय माणसाला उचलून नेले की त्याची चाकाची खुर्ची, कुबड्या, श्रवणयंत्र, पांढरी काठी मागे राहते, आणि निवारा केंद्रात पोचल्यावर तो स्वतःच्या बळावर पाणीही पिऊ शकत नाही. म्हणून प्रत्येक नावापुढे साधनाचे नाव लिहावे, आणि ते साधन कोण घेऊन येईल तेही लिहावे.

घरोघर जाणाऱ्या गटात किमान निम्मी माणसे स्वतः दिव्यांग असावीत, आणि दिव्यांग स्त्रियांशी स्त्रियांनी बोलावे. संमतीशिवाय नाव लिहू नये. आजाराचे तपशील गावात चर्चेचा विषय होऊ नयेत म्हणून वही एका ठरलेल्या माणसाकडेच राहावी. प्रश्न त्या व्यक्तीलाच विचारावेत. बोलायला वेळ लागतो म्हणून घरचे उत्तर देऊ लागतात, त्यांना नम्रपणे थांबवावे. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीलाही पाऊस, अंधार, गर्दी यांविषयी सांगण्यासारखे असते, आणि चित्रे दाखवून विचारले तर ती ते सांगते. हे सगळे काम आगोटीच्या आधी, एप्रिल आणि मे महिन्यांत उरकावे.

ग्रामसभेत ठराव मंजूर करून घ्या

ग्रामसभा साधारणतः २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होतात. आपला विषय विषयपत्रिकेवर यावा यासाठी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांना पुरेशा दिवसांआधी लेखी पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. ऐनवेळच्या विषयांत आलेली गोष्ट सभा उठता उठता वाचली जाते आणि विसरली जाते.

सभेची जागा कोणती, हा प्रश्न त्याच पत्रात काढावा. पंचायतीचे कार्यालय पाच पायऱ्या चढून असेल, तर सभा शाळेच्या पटांगणात किंवा देवळाच्या सभामंडपात घेता येते. कर्णबधिर ग्रामस्थ येणार असतील तर खुणांची भाषा जाणणारी व्यक्ती लागेल. ती जवळच्या कर्णबधिर विद्यालयातील शिक्षकांपैकी मिळू शकते, परंतु तिला आधी विचारावे लागते आणि तिच्या येण्याजाण्याचा खर्च द्यावा लागतो. निर्णयाच्या सभेला माणूस येऊ शकेल की नाही, हे सभा सुरू होण्याच्या आठवडाभर आधीच ठरलेले असते, आणि ही गोष्ट गावच्या सभेला जितकी लागू आहे तितकीच संयुक्त राष्ट्रांच्या सभेला.

ठराव मोघम नसावा. ‘दिव्यांगांकडे लक्ष द्यावे’ अशा ठरावाने कोणाचे काही बदलत नाही. नमुन्यादाखल असे लिहिता येईल : ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ८ नुसार, ही ग्रामसभा ठरवते की गावातील दिव्यांग व्यक्तींची त्यांच्या संमतीने केलेली नोंद दरवर्षी ३१ मेपूर्वी अद्ययावत करून जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे पाठवावी, गावच्या आपत्ती व्यवस्थापन समितीवर किमान दोन दिव्यांग सदस्य, त्यांत एक स्त्री, घ्यावेत, प्रत्येक वाडीतील दिव्यांग व्यक्तीला प्रत्यक्ष जाऊन सूचना देण्याची जबाबदारी नावानिशी सोपवावी, आणि निवाऱ्यासाठी ठरलेल्या शाळेत उताराची वाट व वापरता येईल असे शौचालय या वर्षीच्या विकास आराखड्यात घ्यावे.’ शेवटच्या कलमासाठी पैसा कुठून, असे विचारले जाईलच. ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. परंतु तो भाग लहान असतो आणि व्यक्तिगत मदतीसाठीही लागतो, म्हणून बांधकामाची मागणी ग्रामपंचायत विकास आराखड्यातूनच करावी.

ठरावाची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्यावी. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर तीच आपली ओळख ठरणार आहे.

जिल्ह्याच्या ठिकाणी काय करावे

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार प्रत्येक जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा असतो आणि जिल्हाधिकारी हे त्या प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. हा आराखडा मिळवून त्यात ‘दिव्यांग’ हा शब्द कुठे आणि कोणत्या संदर्भात येतो ते शोधावे. ‘स्त्रिया, बालके, वृद्ध व दिव्यांग यांची विशेष काळजी घेण्यात येईल’ एवढेच वाक्य असेल, तर आपल्याला बरेच काम आहे असे समजावे. कलम ८ प्रमाणे नोंद ठेवली आहे काय, ती शेवटची कधी अद्ययावत झाली, आणि मागच्या रंगीत तालमीत किती दिव्यांग व्यक्तींनी भाग घेतला, हे तीन प्रश्न माहितीच्या अधिकाराखाली विचारावेत. उत्तर सर्वसाधारणपणे ३० दिवसांत मिळायला हवे. रंगीत तालमीत मात्र एक गोष्ट नाकारावी : दिव्यांग व्यक्तीची भूमिका धडधाकट स्वयंसेवकाने चाकाच्या खुर्चीत बसून करण्याची पद्धत. त्या खुर्चीत रोज बसणारा माणूस बोलावला, तर कोणत्या उंबऱ्यावर ती अडकते हे पाच मिनिटांत कळते.

२२ जुलै २०२१ ची आठवण येथे करून द्यायला हवी. वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली. पूर आणि दरड या दोन्हींत उपलब्ध वेळ वेगवेगळा असतो, आणि दिव्यांग व्यक्तीला बाहेर पडायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून ज्या वाड्या दरडप्रवण म्हणून नोंदल्या आहेत तेथे दिव्यांगांच्या घरांना सूचना सर्वांत आधी, हवामान खात्याच्या नारिंगी इशाऱ्यावरच मिळावी आणि लाल इशाऱ्याची वाट पाहू नये, ही मागणी जिल्ह्याच्या बैठकीत लेखी मांडण्यासारखी आहे.

दुसरी जागा म्हणजे जनसुनावणी. बंदर, औष्णिक वीज प्रकल्प, खाण, मोठा कारखाना अशा अनेक प्रकल्पांसाठी २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी वृत्तपत्रांतून द्यावी लागते, आणि सुनावणीचे इतिवृत्त शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखवायचे असते. सूचना निघाली की त्याच आठवड्यात पत्र द्यावे : मंडप सपाट जागी हवा, खुणांची भाषा जाणणारी व्यक्ती हवी, अहवालाचा मराठी सारांश संगणकावर वाचता येईल अशा मजकुरात हवा, कारण छायाचित्रासारखी पाने पडदावाचक आज्ञावलीला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर अंध व्यक्तीला मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला, वाचता येत नाहीत. जाता आले नाही तर लेखी हरकत पाठवावी. गेलात तर इतिवृत्ताचे वाचन होईपर्यंत थांबावे आणि आपले म्हणणे त्यात आले नसेल तर तेथेच उठून सांगावे.

हा विषय फक्त आपत्तीचा नाही

नवख्यांची येथे गल्लत होते, आणि अधिकाऱ्यांचीही. दिव्यांग म्हटले की सगळे पुराकडे आणि वादळाकडे पाहतात. परंतु हवामानविषयक निर्णयांचा मोठा भाग हवा तापवणाऱ्या वायूंचे उत्सर्जन कमी करण्याचा आहे, आणि तेथेही दिव्यांगांचे हितसंबंध आहेत. डिझेलच्या जागी विजेवरच्या गाड्या घेताना त्या खालच्या तळाच्या घेतल्या, तर आज एसटीच्या उंच पायरीपाशी थांबणारी माणसे तालुक्याला जाऊ शकतील. नाही घेतल्या, तर पुढची कित्येक वर्षे तीच पायरी राहील. विजेवरचे वाहन हळू जाताना आवाज करत नाही, ही अंध पादचाऱ्यासाठी धोक्याची बाब आहे. किनाऱ्यावर धूपप्रतिबंधक बंधारा बांधला जातो, तेव्हा त्यात उताराची वाट न ठेवल्यास काही माणसांना समुद्र कायमचा बंद होतो. उष्णतेविषयीच्या आराखड्यांतही हेच दिसेल. मज्जारज्जूला इजा झालेल्या अनेकांच्या शरीराला घामावाटे उष्णता बाहेर टाकता येत नाही, आणि आपल्या दमट किनाऱ्यावरच्या मे महिन्यात त्याचा अर्थ काय होतो हे त्यांनाच विचारावे.

राज्य आणि देश पातळीवर

महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे आणि आयुक्तालय पुण्यात आहे. हवामानाचे काम मात्र पर्यावरण व वातावरणीय बदल विभागाकडे आहे. आपले पत्र एकाच विभागाला गेले की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, म्हणून दोघांनाही एकच पत्र, एकमेकांना प्रत दिल्याचे नमूद करून पाठवावे. राज्याच्या हवामान कृती आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातात तेव्हा मुदत थोडी असते. आपला दीड-दोन पानी मजकूर आधीच तयार असावा.

देशपातळीवर दोन दस्तऐवज ओळखून ठेवावेत. एक, भारताचे राष्ट्रीय निर्धारित योगदान, ज्यात उत्सर्जनाविषयीची वचने असतात. ऑगस्ट २०२२ मध्ये सुधारलेल्या योगदानात २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जन तीव्रता, म्हणजे देशाच्या सकल उत्पादनाच्या प्रत्येक रुपयामागचे उत्सर्जन, ४५ टक्क्यांनी कमी करण्याचे वचन होते. दोन, अनुकूलनाच्या योजना, म्हणजे बदललेल्या हवामानाशी जुळवून घेण्याच्या योजना. केंद्रीय पर्यावरण, वने व हवामान बदल मंत्रालय यांची जबाबदारी पाहते. न्यायालयांनीही दोन दारे उघडली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १४ व २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे म्हटले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेचे किमान नियम ऐच्छिक न ठेवता बंधनकारक करावेत असा निर्णय दिला. हे दोन निर्णय आपल्या निवेदनात शेजारी शेजारी ठेवावेत.

जागतिक परिषदेपर्यंत

१९९२ च्या हवामान बदलविषयक आराखडा कराराचे सचिवालय जर्मनीतील बॉन शहरात आहे. तेथे दरवर्षी साधारण जून महिन्यात तांत्रिक बैठका होतात आणि वर्षाच्या शेवटी एखाद्या यजमान देशात मुख्य परिषद भरते. नवख्याने आधी जूनच्या बैठकीचा विचार करावा, असा माझा सल्ला आहे. गर्दी कमी असते, मसुदे तेथेच घडत असतात आणि अधिकाऱ्यांशी बोलता येते.

परिषदेत व्यक्ती म्हणून नोंदणी होत नाही. देशाच्या शिष्टमंडळात स्थान मिळावे लागते, नाहीतर निरीक्षक म्हणून मान्यता असलेल्या संस्थेने आपले नाव सुचवावे लागते. आपल्या संस्थेला स्वतः मान्यता मिळवायची असेल तर ती नोंदणीकृत आणि ना-नफा असल्याची कागदपत्रे लागतात, आणि अर्ज केल्यापासून परिषदेच्या मंजुरीपर्यंत बराच काळ जातो. तोपर्यंत मान्यता असलेल्या एखाद्या दिव्यांग संघटनेशी, विद्यापीठाशी किंवा पर्यावरण संस्थेशी बोलून तिच्या वाट्याचा एक प्रवेश मागावा. संस्थांना मिळणारे प्रवेश मोजके असतात, म्हणून ही विचारणा सहा-आठ महिने आधी करावी.

या व्यवस्थेतली एक उणीव माहीत असायला हवी. निरीक्षकांचे नऊ अधिकृत गट मानले जातात : उद्योग, पर्यावरण संस्था, शेतकरी, आदिवासी, स्थानिक शासन, संशोधक, कामगार संघटना, स्त्रिया व लिंगभाव, आणि युवक. दिव्यांगांचा स्वतंत्र अधिकृत गट त्यांत नाही. अधिकृत गटांना सभागृहात निवेदनासाठी वेळ मिळतो आणि सचिवालयाकडून माहिती थेट येते. दिव्यांग प्रतिनिधी आज अनौपचारिक गट म्हणून एकत्र येतात. या गटाला अधिकृत स्थान मिळावे ही मागणी आपल्या निवेदनात अवश्य असावी. ते मिळेपर्यंत स्त्रियांच्या किंवा युवकांच्या गटाच्या सकाळच्या बैठकांना जाऊन त्यांच्या निवेदनात आपले एखादे वाक्य यावे यासाठी बोलणी करावी लागतात.

प्रवासाच्या आधी लेखी विचारण्याच्या गोष्टी पुष्कळ आहेत : मुक्काम आणि सभास्थान यांत अंतर किती, ने-आण करणाऱ्या गाडीत चाकाची खुर्ची चढते काय, सुरक्षा तपासणीच्या रांगेत बसायची सोय आहे काय, मदतनीसाला वेगळा प्रवेश मिळेल काय, खुणांच्या भाषेची आणि थेट अक्षरांकनाची (बोलणे त्याच क्षणी पडद्यावर अक्षरांत दाखवण्याची) व्यवस्था कोणत्या सभांना आहे, दस्तऐवज पडदावाचकाला वाचता येतील अशा रूपात आहेत काय. ही विचारणा क्षुल्लक समजू नये. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत इस्रायलच्या ऊर्जामंत्री कारिन एलहरार, ज्या चाकाची खुर्ची वापरतात, १ तारखेला सभास्थानात प्रवेशच करू शकल्या नाहीत. एका देशाच्या मंत्र्याच्या बाबतीत हे घडले, तर गावातून आलेल्या प्रतिनिधीने सगळे काही गृहीत धरून निघणे धोक्याचे आहे. यजमान देशाच्या भाषेत लिहिलेली, आपल्या गरजा सांगणारी एक चिठ्ठी जवळ बाळगावी.

जाणे शक्य नसले तरी काम थांबत नाही. अनेक सभा दूरस्थ पद्धतीने पाहता येतात, आणि निरनिराळ्या विषयांवर लेखी मते मागवली जातात. ती मान्यताप्राप्त संस्थेमार्फत पाठवावीत. मजकूर इंग्रजीत जातो, म्हणून भाषांतर करणारा विश्वासू माणूस हवा, आणि भाषांतर झाल्यावर ते मराठीत परत सांगून घ्यावे, कारण ‘आम्हाला विचारा’ या मागणीचे ‘आमची काळजी घ्या’ असे भाषांतर होताना मी पाहिले आहे. कोणत्या विषयावर लिहावे, असा प्रश्न पडेल. अनुकूलनाचे जागतिक उद्दिष्ट हा एक. दुसरा, २०२२ मध्ये मान्य झालेला आणि २०२३ मध्ये दुबईत कार्यान्वित करण्याचे ठरलेला हानी व नुकसान निधी. बुडालेली चाकाची खुर्ची, वाहून गेलेले श्रवणयंत्र, महिनाभर बंद पडलेले उपचार यांना या निधीत नुकसान म्हणून धरले जावे, हे आपल्याइतके नेमके कोणी सांगू शकणार नाही. तिसरा विषय लोकसहभाग आणि लोकशिक्षण, ज्यासाठी पॅरिस कराराचे कलम १२ आहे.

दोन मिनिटांचे निवेदन कसे लिहावे याचे माझे सूत्र असे : पहिल्या चार वाक्यांत एक जागा, एक तारीख, एक अडथळा. पुढच्या चार वाक्यांत ग्रामसभेने काय ठरवले आणि त्याने काय बदलले. उरलेल्या वेळात समोर चर्चेत असलेल्या मसुद्यातील नेमका परिच्छेद आणि त्यात हवा असलेला शब्दबदल. ‘असुरक्षित घटकांसह’ असा मोघम शब्द असेल तर ‘दिव्यांग व्यक्ती आणि त्यांच्या प्रातिनिधिक संघटना यांच्याशी सल्लामसलत करून’ अशी रचना सुचवावी. छायाचित्रासाठी व्यासपीठावर बोलावले आणि मसुद्याच्या खोलीत जागा नाही, असे घडले तर व्यासपीठ सोडावे व खोलीचा आग्रह धरावा.

हवामान परिषदेखेरीज आणखी एक वाट आहे. दिव्यांग हक्क कराराच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणारी समिती जिनिव्हात बसते आणि देशांच्या अहवालांची तपासणी करते. भारताच्या पहिल्या अहवालाची तपासणी सप्टेंबर २०१९ मध्ये झाली. अशा तपासणीच्या वेळी नागरी संस्था पर्यायी अहवाल देऊ शकतात, आणि त्यात कलम ११ खाली कोकणातल्या पुरांचा आणि वादळांचा अनुभव मांडता येतो.

परत आल्यावर

परतल्यानंतरच्या पहिल्या ग्रामसभेत, ज्यांनी ठरावावर हात वर केले त्यांच्यासमोर, मराठीत आणि सोप्या शब्दांत, काय मागितले, काय मिळाले, काय नाकारले गेले याचा लेखी वृत्तान्त वाचावा. त्याची चित्रांसह एक प्रत आणि ध्वनिमुद्रित एक प्रत करावी. ती प्रत शेजारच्या चार ग्रामपंचायतींना ठरावाच्या नमुन्यासह पाठवावी, आणि पुढच्या वेळी जाणारी व्यक्ती दुसरी, शक्यतो वेगळ्या प्रकारचे दिव्यांगत्व असलेली, निवडून तिची तयारी त्याच सभेत सुरू करावी. मग एप्रिल आला की वही पुन्हा उघडावी, गेलेल्यांची नावे कमी करावीत, नवी नावे चढवावीत, आणि ३१ मेच्या आत ती जिल्ह्याला पोचवून पोच घ्यावी.